स्थानिक जॅझ आणि सामुदायिक नभोवाणी : न्यू ऑर्लिन्सच्या 'डब्ल्यूडब्ल्यूओझेड' केंद्राचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

विसाव्या शतकातील संगीताच्या इतिहासात नभोवाणीविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. नभोवाणीने संगीत हॉटेलांतून आणि नाट्यगृहांतून सामान्य माणसाच्या घरात आणले, हे पहिले मत होय. घरबसल्या गाणे ऐकण्याची सोय झाल्यामुळे गावोगावच्या वादकांचा श्रोता हिरावला गेला, हे दुसरे मत होय. दोन्ही मतांना इतिहासात आधार आहे. तथापि, नभोवाणी कोणाच्या हाती आहे आणि ती कोणासाठी बोलते, हा प्रश्न बाजूला ठेवून या वादाचा निर्णय लावता येत नाही.

या दृष्टीने अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे. हे शहर जॅझचे जन्मस्थान मानले जाते. तेथे ४ डिसेंबर १९८० रोजी 'डब्ल्यूडब्ल्यूओझेड' हे ९०.७ मेगाहर्ट्झ कंप्रतेवरील सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. व्यापारी जाहिरातींवर न चालणारे, श्रोत्यांच्या वर्गणीवर व देणग्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असणारे आणि मुख्यतः स्वयंसेवक निवेदकांनी चालविलेले हे केंद्र आहे. स्थानिक वादकांचे प्रत्यक्ष वादन आणि नभोवाणीवरील जॅझचे सादरीकरण यांचे परस्परसंबंध या केंद्राच्या इतिहासात कसे घडत गेले, याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे. अखेरीस मुंबईतील जॅझच्या अनुभवाशी त्याची थोडक्यात तुलना केली आहे.

रस्त्यावरचे संगीत

न्यू ऑर्लिन्स हे शहर १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसविले. पुढे ते स्पेनच्या अमलाखाली गेले आणि १८०३ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले. गुलामगिरीच्या काळात शहरातील आफ्रिकी वंशाचे लोक रविवारी एकत्र जमून आपले नृत्य व वादन करीत. १८१७ च्या नगर अध्यादेशाने अशा मेळाव्यांसाठी जागा नेमून देण्याचे ठरविले. 'काँगो स्क्वेअर' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले मैदान ते हेच. अमेरिकेच्या इतर दक्षिणी राज्यांत आफ्रिकी तालवाद्यांवर कडक बंधने असताना या मैदानात ती परंपरा उघडपणे टिकून राहिली.

यादवी युद्धानंतरच्या दशकांत कृष्णवर्णीय समाजाने परस्पर साहाय्याची मंडळे स्थापन केली. १८८४ मध्ये स्थापन झालेले 'यंग मेन ऑलिंपियन' हे त्यांपैकी एक. सभासदांची वर्गणी जमवून आजारपणात मदत करणे आणि मृत्यूनंतर इतमामाने अंत्यविधी पार पाडणे, हे या मंडळांचे मुख्य काम होते. अंत्ययात्रेत पितळी वाद्यांचा ताफा असे. दफनभूमीकडे जाताना संथ लयीत धर्मगीते वाजविली जात आणि परतताना तोच ताफा उल्हासाच्या चाली वाजवी. मंडळाचे सभासद व वादक ही मिरवणुकीची पहिली रांग आणि त्यांच्यामागून नाचत येणारे वस्तीतील लोक ही दुसरी रांग. म्हणूनच या प्रथेला 'सेकंड लाइन' हे नाव पडले. या प्रथेत वादक आणि श्रोता यांच्यामधील सीमारेषा पुसट आहे, कारण श्रोत्यांची पावले आणि टाळ्या हा वादनाचाच भाग असतो.

जॅझचे स्वरूपही याला पोषक आहे. या संगीतात चालीचा आराखडा ठरलेला असला, तरी वादक तिचा विस्तार त्या त्या वेळी उत्स्फूर्तपणे करतो. त्यामुळे एकाच चालीचे दोन दिवसांचे वादन सारखे नसते आणि ध्वनिमुद्रिकेत त्यांपैकी एकच रूप बंदिस्त होते. शिवाय ध्वनिमुद्रणाचा इतिहास या शहराच्या बाबतीत सुरुवातीपासूनच अपुरा आहे. आद्य जॅझवादकांत गणला जाणारा कॉर्नेटवादक बडी बोल्डेन (१८७७–१९३१) याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका म्हणून ओळखली जाणारी तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे मुद्रित झाली आणि तिचे वादक न्यू ऑर्लिन्सचे असले, तरी गौरवर्णीय होते. १९२२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग शिकागोला गेला, तेव्हा अनेक नामवंत वादकांनी शहर आधीच सोडले होते. जगाने जॅझ ऐकला तो प्रामुख्याने शिकागो व न्यूयॉर्कच्या तबकड्यांतून. जन्मगावी मात्र तो अंत्ययात्रांत, मंडळांच्या मिरवणुकांत आणि वस्तीतील छोट्या नृत्यगृहांत वाजत राहिला.

तबकडी, नभोवाणी आणि वादकांची उपजीविका

अमेरिकेत नियमित नभोवाणी १९२० नंतर रुजली. प्रारंभीच्या काळात केंद्रांवर प्रत्यक्ष वादनाला मोठे स्थान होते आणि मोठ्या हॉटेलांतील वाद्यवृंदांचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. परंतु बोलपट आल्यावर मूकपटगृहांतील वादकांचे काम गेले. पाठोपाठ नाणे टाकून तबकडी वाजविण्याची यंत्रे उपाहारगृहांत आली आणि नभोवाणी केंद्रांवरही वादकांची जागा तबकड्यांनी घेण्यास सुरुवात केली. एकदा मुद्रित झालेली तबकडी शेकडो वेळा वाजे. वादकाला मोबदला मिळे तो एकदाच.

या प्रश्नावर वादकांच्या राष्ट्रीय संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. काही कंपन्यांनी १९४३ मध्ये तडजोड केली. मोठ्या दोन कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. अखेर कंपन्यांनी तबकड्यांच्या विक्रीवर संघटनेच्या निधीत रक्कम भरण्याचे मान्य केले. या तडजोडीतून पुढे जो विश्वस्त निधी उभा राहिला, त्यातून लोकांसाठी विनामूल्य प्रत्यक्ष मैफली भरविण्यात आल्या. तबकडीच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष वादनाला आधार देण्याचे तत्त्व येथे प्रथमच व्यापक प्रमाणात मान्य झाले, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये या काळानंतर वादनाच्या जागांवरच संकट आले. कृष्णवर्णीयांच्या ट्रेमे या जुन्या वस्तीतील क्लेबोर्न अॅव्हेन्यू हा वृक्षांच्या दुतर्फा रांगांचा, दुकानांचा आणि मिरवणुकांचा रस्ता होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावरून उन्नत महामार्ग गेला आणि झाडे तोडली गेली. त्याच वस्तीतील अनेक घरे सांस्कृतिक संकुलासाठी पाडण्यात आली. काँगो स्क्वेअरला लागून असलेल्या या जागेवर पुढे लुई आर्मस्ट्राँगच्या नावाचे उद्यान झाले. संगीतकाराचे स्मारक उभारताना संगीताची वस्ती उठविली गेली, असा हा विपरीत क्रम होता.

याच सुमारास पुनरुज्जीवनाचे प्रयत्नही झाले. १९६१ मध्ये सुरू झालेल्या 'प्रिझर्व्हेशन हॉल'मध्ये वयोवृद्ध वादकांना नियमित व्यासपीठ मिळाले. १९७० मध्ये 'जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल' हा वार्षिक महोत्सव सुरू झाला. बँजोवादक डॅनी बार्कर (१९०९–१९९४) यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आश्रयाने मुलांचा पितळी ताफा उभा केला आणि त्यातून पुढील पिढीचे अनेक व्यावसायिक वादक तयार झाले. वादक व श्रोते यांची नवी पिढी अशा रीतीने तयार होत असताना त्यांना जोडणारे दैनंदिन साधन मात्र नव्हते.

सामुदायिक नभोवाणीची पूर्वपीठिका

अमेरिकेत १९४५ मध्ये एफ.एम. पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अव्यापारी व शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आला. १५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 'केपीएफए' हे केंद्र सुरू झाले. युद्धविरोधी कार्यकर्ते लुइस हिल हे त्याचे प्रणेते होते. जाहिरातदाराच्या इच्छेपासून मुक्त राहावयाचे, तर श्रोत्यांनी स्वतःच केंद्राचा खर्च उचलला पाहिजे, हा विचार या केंद्राने व्यवहारात आणला. पुढील तीन दशकांत अमेरिकेच्या अनेक शहरांत या धर्तीवरची केंद्रे निघाली. अशा केंद्रावर निवेदक हा पगारी नोकर नसून एखाद्या विषयाचा व्यासंगी रहिवासी असतो. तो आपल्या संग्रहातील तबकड्या घेऊन येतो, आठवड्यातून ठरावीक वेळी त्या ऐकवितो आणि त्यांच्याविषयी सांगतो.

डब्ल्यूडब्ल्यूओझेडची स्थापना

टेक्सासहून आलेल्या वॉल्टर व जेरी ब्रॉक या बंधूंनी न्यू ऑर्लिन्समध्ये असे केंद्र काढण्याचा ध्यास घेतला आणि १९८० मध्ये तो सिद्धीस नेला. केंद्राच्या नावातील 'ओझेड' ही अक्षरे 'द विझर्ड ऑफ ऑझ' या प्रसिद्ध कथेवरून घेतलेली आहेत. त्या कथेतील जादूगार पडद्याआड राहून बोलत असतो. पडद्यामागच्या माणसाकडे लक्ष देऊ नये, असा या नावामागील संकेत होता. निवेदकाच्या व्यक्तिमत्त्वापेक्षा संगीत मोठे, हे तत्त्व केंद्राने आपल्या नावातच गोवले.

प्रारंभीच्या काळात केंद्राचा कक्ष 'टिपिटिनाज' या संगीतगृहाच्या वरच्या मजल्यावर होता. हे संगीतगृह १९७७ मध्ये काही संगीतप्रेमी तरुणांनी उघडले होते. प्रोफेसर लाँगहेअर या नावाने प्रसिद्ध असलेले पियानोवादक हेन्री रोलंड बर्ड (१९१८–१९८०) यांना उतारवयात वाजविण्यासाठी हक्काची जागा असावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. खाली चांगली मैफल रंगली की वरच्या मजल्याच्या जमिनीतील छिद्रातून ध्वनिक्षेपक खाली सोडून ती थेट प्रक्षेपित केली जाई, अशी आठवण केंद्राच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. साधनांची टंचाई तर यातून दिसतेच. शिवाय संगीतगृह आणि नभोवाणी यांच्यात एका लाकडी जमिनीपुरतेच अंतर होते, हेही लक्षात येते. १९८० च्या दशकातच केंद्र आर्मस्ट्राँग उद्यानातील एका इमारतीत, म्हणजे काँगो स्क्वेअरच्या शेजारी गेले आणि दशकाच्या उत्तरार्धात महोत्सवाची मालकी असलेल्या 'जॅझ अँड हेरिटेज फाउंडेशन'च्या छत्राखाली आले. यामुळे केंद्राला आर्थिक स्थैर्य लाभले.

निवेदक आणि श्रोता

या केंद्राच्या निवेदनशैलीची दोन वैशिष्ट्ये नोंदविण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे अनेक निवेदक स्वतः स्थानिक वादक वा गायक होते. १९६१ मध्ये राष्ट्रीय कीर्ती मिळविलेले गायक अर्नी के-डो यांनी ऐंशीच्या दशकात, प्रसिद्धीपासून दूर गेलेल्या काळात, येथे कार्यक्रम सादर केले. त्यांचे बेबंद, आत्मप्रौढीचे निवेदन शहरभर चर्चेचा विषय झाले. पडद्याआड राहण्याच्या तत्त्वाला तो सरळसरळ अपवाद होता. परंतु शहराने विसरलेला एक कलावंत त्यामुळे पुन्हा लोकांसमोर आला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या 'ओरिजिनल टक्सिडो जॅझ बँड'चे नेतृत्व वडिलांकडून स्वीकारलेले ढोलवादक बॉब फ्रेंच हेही येथे अनेक वर्षे निवेदक होते. अशा निवेदकाच्या तोंडून तबकडीची माहिती येते, तेव्हा ती ग्रंथातील टिपण राहत नाही. वाजविणारा कोणाचा शिष्य, कोणत्या गल्लीतला आणि सध्या कोठे वाजवितो, हेही तो सहज सांगून जातो.

दुसरे वैशिष्ट्य 'लाइव्हवायर' या उपक्रमाचे. ठरावीक तासांच्या आरंभी निवेदक त्या दिवशी शहरात कोठे, कोणाचे, किती वाजता वादन आहे, याची यादी वाचून दाखवितो. वरकरणी ही केवळ सूचनावली आहे. परंतु ऐकत असलेले संगीत आज रात्री अमुक रस्त्यावरील अमुक जागी प्रत्यक्ष ऐकता येईल, असे सांगणारे केंद्र श्रोत्याला घरात बांधून ठेवीत नाही, तर घराबाहेर पाठविते. तबकडीने वादकाची जागा घ्यावी, हा चाळिशीच्या दशकातील संघर्षाचा विषय होता. येथे तबकडी वादकाकडे नेणारी वाटाडी झाली. वादकाच्या दृष्टीनेही याचे मोल मोठे आहे. ज्या छोट्या संगीतगृहात त्याची त्या रात्रीची मिळकत जमलेल्या श्रोत्यांवर ठरते, तेथे आणखी दहा-वीस माणसे येणे ही त्याच्या उदरनिर्वाहाची बाब असते.

कतरिना आणि विस्थापित केंद्र

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. संरक्षक बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादक देशभर विखुरले. लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये राहणारे गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो यांची नावेतून सुटका करावी लागली. क्लॅरिनेटवादक व अभ्यासक मायकेल व्हाइट यांचा वाद्यांचा, स्वरलिपींचा आणि दस्तऐवजांचा अनेक वर्षांचा संग्रह नष्ट झाला.

डब्ल्यूडब्ल्यूओझेडचे प्रक्षेपण वादळापूर्वीच बंद पडले होते. सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतील 'डब्ल्यूएफएमयू' या दुसऱ्या श्रोतावलंबी केंद्राच्या साहाय्याने महाजालावरून त्याचे कार्यक्रम सुरू झाले. 'निर्वासित डब्ल्यूडब्ल्यूओझेड' अशा आशयाचे नाव त्या प्रसारणाला देण्यात आले. ऑक्टोबरमध्ये बॅटन रूज येथून प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबरमध्ये केंद्र शहरात परतले. त्याचा मुक्काम आता फ्रेंच मार्केट परिसरात हलला. ह्यूस्टन, अटलांटा वा अन्यत्र आसरा घेतलेल्या रहिवाशांना आपल्या शहराचा आवाज या काळात महाजालावरून ऐकू आला. हळूहळू शहरात पुन्हा कोण वाजवू लागले आहे, याची वार्ताही त्याच मार्गाने पोहोचू लागली. स्थानिकतेसाठी स्थापन झालेले केंद्र या प्रसंगी दूर गेलेल्या स्थानिकांचे केंद्र बनले.

तथापि, या यशाची मर्यादाही स्पष्ट आहे. शहराची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ होती. २०१० मध्ये ती ३,४३,८२९ इतकी उतरली. मंडळे ज्या वस्त्यांवर उभी होती, त्या पुरत्या भरल्या नाहीत. वादळानंतर सेकंड लाइन मिरवणुकांच्या परवान्याचे शुल्क वाढविण्यात आले, तेव्हा मंडळांना न्यायालयात जावे लागले आणि २००७ मध्ये तडजोड झाली. वादकांच्या घरांसाठी 'म्युझिशियन्स व्हिलेज'सारखी वसाहत उभारावी लागली. नभोवाणी श्रोत्याला मैफलीपर्यंत नेऊ शकते. परंतु वादकाला घर, रस्त्याला परवाना आणि वस्तीला रहिवासी मिळवून देणे तिच्या आवाक्यातले नाही.

२०२० मधील महासाथीने याच नात्याची वेगळी कसोटी घेतली. १ एप्रिल रोजी ज्येष्ठ पियानोवादक व शिक्षक एलिस मार्सालिस यांचे कोविडमुळे निधन झाले. वार्षिक महोत्सव रद्द झाला. त्याच्या नियोजित दिवसांत डब्ल्यूडब्ल्यूओझेडने पूर्वीच्या महोत्सवांतील प्रत्यक्ष वादनाची संग्रहित मुद्रणे ऐकविली आणि शहरातील लोकांनी ती आपापल्या ओट्यांवर, अंगणांत बसून ऐकली. अनेक वर्षे थेट प्रक्षेपणाच्या निमित्ताने साठत गेलेला हा संग्रह त्या वेळी शहराची सामायिक स्मृती ठरला. २०२२ मध्ये महोत्सव पुन्हा प्रत्यक्ष भरू लागला. पुढे जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. अशा केंद्रांच्या अस्तित्वाचा भार श्रोत्यांवर किती अवलंबून आहे, हे त्यामुळे पुन्हा अधोरेखित झाले.

मुंबईचा अनुभव

भारतात जॅझचे प्रमुख केंद्र मुंबई होते. १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला. पुढील काळात गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी ही कला आत्मसात केली. तुतारीसदृश ट्रम्पेट वाजविणारे चिक चॉकलेट, म्हणजेच अँटोनियो झेवियर वाझ, हे त्यांपैकी अग्रगण्य होत. चितळकर रामचंद्र यांनी संगीत दिलेल्या 'अलबेला' (१९५१) या भगवानदादांच्या चित्रपटातून त्यांचे वादन मराठी-हिंदी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. परंतु मुंबईतील जॅझचा श्रोतृवर्ग मुख्यतः हॉटेलांपुरता मर्यादित होता. स्वातंत्र्यानंतर तो वर्ग बदलला, दारूबंदी आली आणि वादकांचा ओघ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळला.

याच काळात मुंबईच्या जॅझप्रेमींना नभोवाणीवर जॅझ मिळे तो मुख्यतः दुरून. १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवर जगभर ऐकला जाई. कोनोव्हर उत्तम निवेदक होते. पण ते सांगत ते वादन हजारो मैलांवरचे होते. ते ऐकून श्रोत्याच्या ज्ञानात भर पडे. धोबीतलावच्या गोमंतकीय वादकाच्या मैफलीला एकही माणूस अधिक येत नसे. भारतात प्रक्षेपण ही केंद्र शासनाची मक्तेदारी असल्याने वादक व श्रोते यांना स्वतःचे केंद्र काढण्याची मुभाच नव्हती. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने रंगभवनात सुरू झालेल्या 'जॅझ यात्रा' या महोत्सवाने जागतिक कीर्तीचे वादक मुंबईत आणले. तथापि महोत्सव काही दिवसांचा असतो आणि नभोवाणी रोजची असते.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीचा मार्ग मोकळा झाला. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून निर्माण व्हावेत, अशी अपेक्षा २००६ च्या धोरणात आहे. मुंबईतील हॉटेलयुगाच्या जॅझला हा मार्ग फार उशिरा खुला झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नभोवाणी आणि प्रत्यक्ष वादन यांतील विरोध स्वाभाविक नाही. केंद्राची मालकी, त्याचा आर्थिक पाया आणि निवेदकाचे वस्तीशी असलेले नाते यांवर तो अवलंबून असतो.

२. डब्ल्यूडब्ल्यूओझेडचे महत्त्व दुर्मीळ तबकड्या ऐकविण्यापुरते नाही. ऐकण्याच्या क्रियेला गावातील आजच्या मैफलीशी रोज जोडून देणे, हे त्याचे मुख्य कार्य आहे.

३. आपत्तीच्या काळात अशा केंद्राने विखुरलेल्या समाजाला एकत्र धरून ठेवले; परंतु वादकांच्या निवासाचा व उपजीविकेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

४. थेट प्रक्षेपणाची मुद्रणे जपून ठेवल्यास कालांतराने तीच स्थानिक इतिहासाची साधने होतात.

महाराष्ट्रातील ज्या महाविद्यालयांना व विद्यापीठांना सामुदायिक नभोवाणीचा परवाना मिळाला आहे, त्यांच्या परिसरात जॅझ नसेल. परंतु भजनी मंडळे, शाहीर, तमाशाचे फड, लग्नातले बँडवाले आणि सनईवादक आहेत. त्यांच्यातील बडी बोल्डेन कोण, हे आज सांगता येत नाही. त्यांचे वादन कोठे व केव्हा आहे, हे रोज संध्याकाळी सांगणे आणि झालेले वादन मुद्रित करून ठेवणे, या दोन गोष्टींसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.